नोकरीचं इंग्रजी पत्र मराठीत करून देणारं दुकान: टायपिंग चोख, अर्थ तपासून घ्या

बेळगावच्या कोर्ट आवाराभोवती टायपिंग, झेरॉक्स आणि भाषांतर एकाच टेबलावर करून देणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकाबद्दल हे लिहितो आहोत. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली सांगितलेले दोष त्या एका दुकानाचे कमी आणि या धंद्याचे जास्त आहेत. पाहिली ती मुख्यतः एकच सेवा: कारखान्याकडून किंवा संस्थेकडून आलेलं नोकरीबाबतचं इंग्रजी पत्र मराठीत करून देणं, आणि त्याला इंग्रजीत उत्तर तयार करून देणं. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कामगाराच्या हातात पडणारं असं पत्र बहुधा एका पानाचं असतं आणि त्यातला कामाचा शब्द एकच असतो. तो चुकला तर बाकीचं पान कितीही शुद्ध असो, वाया गेलं.

टायपिंगबद्दल तक्रार नाही. जोडाक्षरं फुटत नाहीत, तारखा आणि जावक क्रमांक जसेच्या तसे उतरतात, प्रत लगेच हातात पडते. कन्नडमधून मराठीत करायचं असेल तर हे लोक पक्के आहेत, आणि ते काम दिसतं तितकं सोपं नाही. कन्नड आदेशात ‘केलसदिंद वजा’ असं असतं. मराठी डोळ्याला वाटतं की पगारातून काहीतरी वजा केलं. प्रत्यक्षात नोकरीच गेलेली असते. ‘अमानतु’ वाचून निपाणीचा माणूस अनामत रक्कम शोधायला लागेल, पण तिथे अर्थ आहे निलंबन. दुकानाने दोन्ही शब्द बरोबर ओळखले, ‘बिडुगडे’चं ‘कार्यमुक्त’ही नीट केलं. सीमाभागात राहून ही जाण अंगात मुरलेली आहे, तिचे पैसे द्यायला हरकत नाही.

इंग्रजीला हात घातला की मात्र सगळ्यांचा एकच भात होतो. टर्मिनेशन, डिस्चार्ज, डिसमिसल, रिट्रेंचमेंट, ले-ऑफ: पाचही शब्दांच्या जागी एकच वाक्य आलं, ‘आपणास कामावरून काढून टाकण्यात येत आहे’. याचं कारण उघड आहे. मजकूर फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला जातो आणि वर फक्त व्याकरण सारखं केलं जातं. शिवाय आपल्या बोलण्यात तरी वेगळं काय आहे? नारळ दिला, डच्चू दिला, घरी बसवला, हिशेब केला. बोलताना एवढं पुरतं. कायद्याला पुरत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दामागे पैशाचा वेगळा हिशेब आणि पुढचा वेगळा रस्ता आहे.

मराठी भाषांतरात सर्वांत महागात पडणारी चूक ‘ले-ऑफ’ची. मराठी वर्तमानपत्रं अमेरिकी कंपन्यांच्या बातम्यांत हा शब्द ‘नोकरकपात’ असा देतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. अमेरिकेत हल्ली ‘लेड ऑफ’ म्हणजे माणसाचा दोष नसताना नोकरी गेली, बहुधा कायमची. त्याच अर्थाला इंग्लंडमध्ये ‘रिडंडंट’ म्हणतात. भारतीय कारखान्यात मात्र ले-ऑफ म्हणजे नोकरी आहे, पण आज काम नाही. कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, तयार माल साचला, मशीन बिघडलं, नैसर्गिक आपत्ती आली आणि त्यामुळे मालक काम देऊ शकला नाही, अशी त्याची व्याख्या आहे. अट अशी की कामगाराचं नाव हजेरीपटावर असलं पाहिजे आणि त्याची कपात झालेली नसली पाहिजे. फाउंड्रीत भट्टी बंद पडली किंवा ऑर्डरअभावी कास्टिंगचा ढीग साचला की हेच होतं. कामगार बरोबर बोलतात, ‘ले-ऑफ पडला’. दुकानाने त्याचं ‘काढून टाकले’ केलं.

यात नुकसान कसं होतं ते पाहा. ज्या कारखान्यात पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार आहेत आणि ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे, त्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्टीचे दिवस सोडून. मात्र ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर राहावं लागतं. हजर राहून दोन तासांत काम दिलं नाही तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. आता ज्याच्या हातात ‘काढून टाकले’ असं मराठी पत्र आहे, तो गेटवर कशाला जाईल? तो खानापूरकडे गावी जातो किंवा दुसरीकडे रोजावर लागतो. हजेरी नाही म्हणून भरपाई नाही, आणि महिन्याभराने ‘स्वतःहून काम सोडले’ अशी नोटीस येते. एका शब्दाने दोन्ही बाजूंनी मार बसतो.

पत्र ले-ऑफचं असेल तर भाषांतरात ‘तात्पुरती कामबंदी (ले-ऑफ)’ एवढंच हवं, कंसातला शब्द ठेवूनच. ‘टाळेबंदी’ लिहू नका, तो लॉक-आउट. तिथे मालक वादात दबाव आणण्यासाठी गेट बंद करतो, काम नसल्यामुळे नाही. बारा महिन्यांत ले-ऑफचे दिवस पंचेचाळीसच्या वर गेले आणि तसा करार असेल तर पुढच्या दिवसांची भरपाई थांबू शकते, आणि मालक कपातीचा मार्ग धरू शकतो. त्या वेळी आधीच्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफ भरपाई कपातीच्या रकमेतून खरोखरच वजा होते, मराठी अर्थाने. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या युनिटला आणि गाळप हंगामापुरत्या चालणाऱ्या साखर कारखान्यासारख्या हंगामी आस्थापनांना ले-ऑफ भरपाईचं कलम लागू नाही. उद्यमबागेतल्या लहान वर्कशॉपच्या कामगाराने हे आधी तपासावं, म्हणजे उगाच आशा लागत नाही.

दुसरा शब्द रिट्रेंचमेंट. सरकारी मराठीत ‘कामगार कपात’. व्याख्येने तो फार रुंद आहे: शिक्षा म्हणून नसेल तर मालकाने कोणत्याही कारणासाठी नोकरी संपवणं म्हणजे कपात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये हा रुंद अर्थच कायम केला. वगळलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: स्वेच्छानिवृत्ती, ठरलेल्या वयाची निवृत्ती आणि मुदतीच्या कराराचा शेवट (जुन्या कायद्यात दीर्घ आजारपणही होतं; २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत मांडणी थोडी बदलली, मूळ धागा तोच आहे). म्हणून पत्रात ‘टर्मिनेशन’ असा गुळमुळीत शब्द असला, आरोप कसलाच नसला आणि कामगाराने एक वर्ष, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस, काम केलेलं असलं, तर ती बहुतेक वेळा कपातच ठरते. दुकानाच्या भाषांतरात ‘टर्मिनेशन’चं ‘सेवासमाप्ती’ झालं असतं तरी चाललं असतं, तो तटस्थ शब्द आहे. ‘काढून टाकले’मध्ये मात्र दोष असल्याचा वास येतो.

ठेकेदाराकडच्या कामगारांना हे २४० दिवस माहीत असतात, कारण त्यांना ‘ब्रेक’ दिला जातो तो याच आकड्याच्या अलीकडे.

पैशात बोलायचं तर असं. सरासरी मासिक वेतन १५,६०० रुपये, नोकरी ८ वर्षे ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ९ वर्षे. कपात असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिचे १५,६०० रुपये. दर वर्षाला पंधरा दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे ७,८०० गुणिले ९, बरोबर ७०,२०० रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी आणि तिचा भागाकार वेगळा: १५,६०० ला २६ ने भागून पंधराने गुणा, ९,००० येतात, नऊ वर्षांचे ८१,०००. नव्या संहितेनुसार मालकाने पुनर्कौशल्य निधीत (कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणूनच्या) पंधरा दिवसांचं शेवटचं वेतन भरायचं, ते आणखी ७,८००. कपातीनंतर पंचेचाळीस दिवसांत ते कामगाराच्या खात्यात यायला हवं. आता हाच माणूस राजीनाम्यावर सही करून बाहेर पडला तर त्याला ग्रॅच्युइटीचे ८१,००० मिळतात, बाकीचे ९३,६०० जातात. भाषांतराच्या दुकानात पानाचे दर विचारताना ही रक्कम डोक्यात ठेवावी.

हा राजीनाम्याचा घोटाळा दुकानाच्या इंग्रजी उत्तरात झाला, आणि तो आमच्या मते या सेवेतला सर्वांत गंभीर दोष आहे. गिऱ्हाईक सांगतं, ‘माझी नोकरी सुटली’. मराठीत ‘सुटली’ म्हटलं की कुणी सोडवली ते सांगावं लागत नाही. गाठ सुटते तशी नोकरी सुटते. दुकानाच्या इंग्रजीत त्याचं झालं ‘आय लेफ्ट द जॉब’. म्हणजे ‘मी नोकरी सोडली’. कामगाराच्या सहीने, तारखेसह, त्याच्याच विरुद्ध पुरावा तयार झाला. समोरच्या वकिलाला पुढे काही करायला नको. सांगताना ‘मला कामावर घेतलं नाही’, ‘गेटवर अडवलं’ असं कर्त्यासकट सांगा आणि इंग्रजीत ‘रिफ्यूज्ड एम्प्लॉयमेंट’ आलं आहे का ते पाहा. ‘फायर्ड’ आणि ‘सॅक्ड’ हे शब्दही उत्तरात नकोत. दोन्ही बोलण्यातले आहेत, कायद्यात त्यांना जागा नाही. शिवाय ‘फायर’ म्हटलं की माणसाचं काहीतरी चुकलं असणार असं ऐकणाऱ्याला वाटतं. दुकानाच्या एका मसुद्यात ‘यू हॅव फायर्ड मी’ असं होतं. आपणच आपल्यावर ठपका का ठेवावा?

राजीनामा हा शब्द ‘राजी’ आणि ‘नामा’ यांचा, संमतीचा कागद. कोऱ्या कागदावर सही मागितली की हे आठवावं.

डिस्चार्ज आणि डिसमिसल यांत दुकानाने फरक केला नाही. या गावात तरी तो व्हायला हवा होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच आहे आणि ‘डिस्चार्ज’ घेऊन आलेले माजी सैनिक गल्लोगल्ली आहेत. जवानाची नोकरीची मुदत पूर्ण झाली की त्याला कायद्याच्या भाषेत डिस्चार्जच मिळतो. त्यात कमीपणा काही नाही, मागून पेन्शन येते. ‘डिसमिस’ झालेला जवान ही निराळी गोष्ट. कारखान्यातही डिस्चार्ज साधा असू शकतो: प्रोबेशन संपलं, सेवेची गरज उरली नाही, कारण लिहिलेलं नाही, डाग नाही. डिसमिसल म्हणजे बडतर्फी. ती शिक्षा आहे, तिच्याआधी आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडायची संधी हवी. चौकशीपर्यंत निलंबित ठेवलं तर पहिले नव्वद दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाहभत्ता, आणि उशीर कामगारामुळे झाला नसेल तर पुढे पंचाहत्तर टक्के. बडतर्फीत कपातीची भरपाई नाही. पण ग्रॅच्युइटी आपोआप जात नाही, हे दुकानातच काय, बऱ्याच पगारखात्यांतही माहीत नसतं. नुकसान केलं म्हणून काढलं असेल तर नुकसानाएवढीच कापता येते; पूर्ण जप्त करायला दंगामस्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असावा लागतो.

सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी आणखी एक पायरी आहे. कर्नाटकच्या १९५७ च्या नागरी सेवा नियमांत ‘रिमूव्हल’ आणि ‘डिसमिसल’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीत पुढे सरकारी नोकरीला बंदी नाही, दुसरीत सर्वसाधारणपणे आहे. शिक्षकांच्या आदेशांत दुकानाने दोन्ही ‘बडतर्फ’ केल्या. ‘सेवेतून काढणे’ आणि ‘बडतर्फी’ असे दोन शब्द मराठीत तयारच आहेत, वापरायला खर्च नाही.

‘नेम स्ट्रक ऑफ’चं भाषांतर ‘नाव खोडले’ असं झालं. शब्दशः ठीक, पण वाचणाऱ्याला वाटतं ही कारकुनी दुरुस्ती आहे. हजेरीपटावरून नाव कमी करणं हीसुद्धा कपातच, असं सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली क्लॉथ मिलच्या खटल्यात १९७७ मध्ये सांगितलं. भाषांतराखाली एक ओळीची टीप पुरली असती. ‘अबँडनमेंट’चंही (काम सोडून जाणं) तसंच: रजा संपून आठ दिवसांत परतला नाही तर हक्क जातो अशी अट स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत असते, पण बाजू न ऐकता नाव उडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून पक्कं आहे. अशा नोटिशीला त्याच आठवड्यात ‘मी कामावर यायला तयार आहे’ असं लेखी उत्तर गेलं पाहिजे.

आणि ‘यू आर हियरबाय रिलीव्ह्ड’चं, म्हणजे ‘आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे’चं, त्यांनी काय केलं? ‘आपणास दिलासा देण्यात येत आहे.’ अ‍ॅप वापरल्याचा याहून चांगला पुरावा नको.

कायद्याच्या बाबतीत दुकान दोन ठिकाणी मागे आहे. पहिलं, त्यांच्या तयार मसुद्यांत अजून १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि कलम २५-फ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. कपातीच्या अटी आता तिच्या कलम ७० मध्ये आहेत. व्याख्या बऱ्याचशा त्याच आहेत, पण कपातीला आधी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे, आणि कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे वाद नेण्याची मुदत दोन वर्षांची आहे. वेतनाच्या संहितेनुसार काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कामगाराची थकबाकी कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायची असते. हे वाक्य उत्तरात घालून मागा, ते नेहमी कामाला येतं. जुन्या तारखेच्या प्रकरणाला जुना कायदा कितपत लागतो हे मात्र वकिलालाच विचारावं, टायपिस्टला नव्हे.

दुसरं जास्त बोचतं. मराठी मसुदे कोल्हापूर-पुण्याकडून उतरवलेले आहेत, त्यामुळे त्यांत ‘अनुचित कामगार प्रथा’ आणि महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा येतो. तो कायदा फक्त महाराष्ट्राचा. शिनोळीच्या कारखान्यात जाणाऱ्या बेळगावकराला त्याचा उपयोग होईल, कारण शिनोळी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. मच्छेच्या कामगाराने तोच मसुदा कर्नाटकच्या कामगार खात्यात दिला तर फाईल तिथेच अडकते. घर कुठे आहे, माणूस कोणती भाषा बोलतो, यावर काही ठरत नाही. कारखान्याचं गेट कोणत्या राज्यात उघडतं ते पाहायचं. मसुदा घेण्याआधी हे दुकानात सांगा, ते स्वतःहून विचारत नाहीत.

किरकोळ बाब: छापील नमुन्यावर अजून ‘रजिस्टर ए.डी.ने’ असं असतं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीची सोय मागून घ्या आणि पावती भाषांतराच्या पानाला टाचू नका, वेगळी ठेवा.

मग या दुकानात जावं का? कन्नड कागद असेल तर जा. स्वच्छ टाइप केलेली प्रत, जोडपत्रांची यादी, चार प्रतींचे संच यासाठीही जा, काम नेटकं होतं आणि माणसं सौजन्याने वागतात. इंग्रजी पत्राचा अर्थ लावून घ्यायला एकट्या या सेवेवर विसंबू नका. दर पानावर आहे, पत्रातल्या शब्दाच्या वजनावर नाही, त्यामुळे त्या एका शब्दासाठी थांबून कुणी विचार करत नाही, आणि त्या दरात तशी अपेक्षाही जरा जास्तच. पीएफच्या नोंदीवरूनही ताळा घेऊ नका. तिथे राजीनामा आणि कपात दोन्ही ‘सेसेशन’ (सेवा थांबली) या एकाच खान्यात पडलेली दिसतात. कामगार विम्याच्या (ईएसआय) बेकारी भत्त्याला मात्र फरक पडतो: गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नोकरी गेली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर तो मिळत नाही. म्हणून दुकानाने चुकून ‘गैरवर्तनामुळे’ असा शब्द घातला असेल तर तो पुढे कुठे कुठे आडवा येईल ते सांगता येत नाही. एका भाषांतरात तो होता. मूळ पत्रात नव्हता.

काम देताना एकच सूचना द्या: नोकरी थांबवण्याचा किंवा संपवण्याचा इंग्रजी शब्द मराठी वाक्यात देवनागरीत तसाच ठेवा, त्याचं नुसतं मराठी करू नका. टाइप करायच्या आधी सांगितलं तर ते विनातक्रार करतात. प्रिंट निघाल्यावर सांगितलं तर पानाचे पैसे पुन्हा घेतात.